अण्णांचा कॉफीचा तक्ता

खोली बघायला गेले तेव्हा अण्णांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मांसमच्छी खाता का हेसुद्धा विचारलं नाही. आंघोळीला किती वेळ लागतो, एवढंच विचारलं. मी म्हटलं, लागत असतील दहा मिनिटं. "असतील म्हणजे? मोजलं नाहीस?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही कीवेनं पाहिलं की मला आपण अंगठाबहाद्दर असल्यासारखं वाटलं. खोली मात्र दिली. बंगळुरातल्या जयनगरमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला, म्हणजे एक खोली, एक ओटा आणि कपडे वाळत घालायला गच्ची.

अण्णांनी सरकारी यंत्रकारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली आणि ती सगळी दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहून केली. कामगार लेथवर वाकलेला, आणि मागे हे स्टॉपवॉच घेऊन, कुठल्या हालचालीला किती सेकंद लागले ते कागदावर मांडताहेत. अशा माणसावर कोण प्रेम करणार? कामगारांनी त्यांचं नाव गडियारप्पा ठेवलं होतं. गडियार म्हणजे कन्नडमध्ये घड्याळ. हे नाव अण्णा स्वतःच अभिमानानं सांगत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घड्याळ गळ्यातून उतरलं नव्हतं. बनियनच्या आत, जानव्याशेजारी, काळ्या दोरीत ओवलेलं असायचं. बोलता बोलता त्यांचा हात गळ्याशी गेला की समोरच्यानं ओळखावं, आपली मोजणी सुरू झाली.

त्यांचे पूर्वज म्हणे कधीतरी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे घरात मराठी होती, पण तिला दोनशे वर्षांचं कन्नडचं पाणी लागलेलं. "स्वल्प थांब गं", "सरी, बघू की", असं ते बोलायचे; स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं. मी सांगलीची, तरी पहिले आठ दिवस मला त्यांची मराठी चाचपडत ऐकावी लागली. नंतर तीच माझ्या तोंडात बसली आणि सुट्टीत घरी गेले की आई हसायची.

त्यांच्या हुशारीबद्दल शंका नको म्हणून त्यांच्या भाचीच्या लग्नाची गोष्ट सांगते. पंगतीत वाढपी एकमेकांना आडवे जातात हे अण्णांना बघवेना. त्यांनी वाढप्यांच्या रांगा बदलल्या, पाण्याच्या तांब्यांची जागा बदलली, आणि पहिली पंगत चक्क वीस मिनिटं आधी उठली. दुसरी पंगत लगेच बसली तेव्हा भात चुलीवर कच्चा होता. आचारी झारा घेऊन अण्णांच्या अंगावर धावला म्हणतात. अण्णांच्या मते त्या दिवशी चूक आचाऱ्याची होती.

आता कॉफी. मी होसूर रोडपलीकडच्या एका कंपनीत जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दोन हजार सालासाठी दुरुस्त करण्याच्या कामाला होते. कंपनीची बस फोर्थ ब्लॉकच्या कोपऱ्यावर सात दहाला यायची आणि सात दहालाच जायची. सकाळी माझी तारांबळ उडायची. घरी आम्ही सगळे चहाचे, पण बंगळुरात आल्यावर मला कॉफीची चटक लागली होती, आणि घाईच्या माणसानं जे करावं तेच मी केलं होतं. इन्स्टंट कॉफीची बाटली आणून ओट्यावर ठेवली होती.

अण्णा नळाचा वायसर बदलायला वर आले आणि बाटली बघून थबकले. मला वाटलं आता चवीवर व्याख्यान होणार. चवीचं नावच नाही. "हिला इन्स्टंट म्हणतात, बरं का," ते म्हणाले, "कर बघू." मी दूध गॅसवर ठेवलं, कपात पूड घातली, साखर घातली, दूध ओतलं, फेस आणला. अण्णांनी घड्याळ थांबवलं. सात मिनिटं, दहा सेकंद. त्यातली सहा मिनिटं दुधाची. दूध तर सगळ्याच कॉफीला तापवावं लागतं, मग या बाईनं तुझं वाचवलं काय, असं ते बाटलीकडे बोट दाखवून विचारायला लागले. शिवाय दूध उतू जाऊ नये म्हणून मी सहा मिनिटं तिथं खांबासारखी उभी होते, तेही त्यांनी टिपून ठेवलं होतं.

अण्णांचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं होतं. वेळ किती लागतो हा प्रश्नच चुकीचा, असं ते म्हणत. हात किती वेळ अडकतो ते बघायचं. भात शिजायला वीस मिनिटं लागतात, पण हात अडकतो दोनच मिनिटं. हाताच्या खालोखाल डोळा. दूध तापताना हात मोकळा असतो, पण डोळा अडकलेला. त्यावर त्यांनी मला जयनगरच्या बाजारातून दुधाचा कुकर घ्यायला लावला, तो शिट्टी वाजवणारा. त्या दिवसापासून मी दूध ठेवून केस विंचरायला मोकळी झाले. आजही कुणी नवीन संसार मांडणाऱ्यानं विचारलं तर मी सांगते, आधी दुधाचा बंदोबस्त करा, कॉफीचं मागाहून बघू.

आता अक्कांचं सांगायला हवं, कारण सगळं गाडं त्यांच्यापाशी येऊन अडत होतं. अक्का म्हणजे अण्णांची बायको. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, आणि अण्णा बोलत असताना भाजी निवडत गालातल्या गालात हसणाऱ्या. त्यांची थोरली बहीण धारवाडला एकटीच राहायची. तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि अक्कांनी महिनाभर येऊन राहावं असं कार्डावर कार्ड येत होतं. अक्कांना जायचं होतं. बहिणीनं त्यांना आईविना वाढवलं होतं. पण लग्न झाल्यापासून अक्का दोन रात्रींपेक्षा जास्त कुठं राहिल्याच नव्हत्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी कारण विचारलं तर म्हणाल्या, यांच्यासाठी बाटलीत करून ठेवलेलं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, दोनच दिवस टिकतं.

अण्णा काही अडवत नव्हते. उलट, जा की, कोण नको म्हणतंय, असं ते चारदा म्हणत. अक्का विचारत, आणि तुमची कॉफी? "कॉफीचं काय, ती होते की." अण्णांना दिवसातून चार पेले कॉफी लागायची, आणि ती खरोखरच होत असे. सकाळी ते उठून येत तेव्हा फिल्टरच्या वरच्या, तळाला भोकं असलेल्या भांड्यातून पाझरून खालच्या भांड्यात काळंभोर डिकॉक्शन उतरलेलं असे, जसा दारात पेपर पडलेला असे. त्यांना समजावून सांगा ना, असं मी अक्कांना म्हटलं. त्या म्हणाल्या, सांगून कळणारा माणूस नव्हे तो, मोजल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही. आणि मग, माझ्या बाटलीवरून खाली काय बोलणं चाललंय ते आठवून हसल्या. "मोजू दे त्यांना," म्हणाल्या.

अण्णांनी मनावर घेतलंच होतं. घाईच्या माणसानं घरी कॉफी कशी करावी, याचा कायमचा निकाल लावायचा. चार आठवडे चार पद्धती, करणारी मी, मोजणारे ते. रोज सकाळी साडेसहाला ते आलेखाच्या कागदाची वही घेऊन माझ्या दारात उभे.

पहिला आठवडा इन्स्टंटचा, तिची फजिती झालेलीच होती. दुसरा कापडाचा. त्यांची आई उकळत्या पाण्यात पूड टाकून ती फडक्यातून गाळायची. कॉफी झकास झाली, पण ते फडकं धुता धुता माझी बोटं काळी झाली आणि बस कोपऱ्यावरून वळताना मला तिची पाठ दिसली. फडक्याचा हात अडकलेला: पाच मिनिटं. फुली. तिसरा आठवडा विजेच्या पर्कोलेटरचा. तो त्यांच्या पुतण्यानं मस्कतहून आणलेला होता. अण्णा रबरी चपला घालून त्याच्याजवळ गेले, बटण दाबलं, काचेच्या टोपणात कॉफी उड्या मारायला लागली, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. हात शून्य, डोळा शून्य. अण्णांनी वहीत लिहायला पेन उघडलं आणि वीज गेली. त्या आठवड्यात सकाळची वीज तीनदा गेली. यंत्र चांगलं आहे, गाव चुकलं, असा शेरा त्यांनी दिला.

चौथा आठवडा फिल्टरचा. हे माप मात्र त्यांनी माझ्याकडे घेतलंच नाही, खाली आपल्या स्वयंपाकघरात घेतलं, कारण माझ्याकडे फिल्टर नव्हता. डिकॉक्शन ओतणं, वरून दूध, साखर, दोन पेल्यांतून वरखाली करून फेस. हात अडकलेला: एक मिनिट पन्नास सेकंद. अण्णांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता स्वच्छ अक्षरात काढून माझ्या ओट्याच्या वर भिंतीला चिकटवला. सगळ्यात खाली फिल्टरची ओळ, तिच्याखाली लाल रेघ. 'पूर्वतयारी' या रकान्यात लिहिलं होतं, शून्य.

मी स्टीलचा फिल्टर घेतला. पूड घ्यायला अण्णा स्वतः बरोबर आले. दुकानदार कॉफीत मिसळायची चिकोरी किती घालू म्हणाला तर अण्णांनी त्याला पंधरा मिनिटं शिकवलं की चिकोरी जास्त झाली तर पाणी धरून ठेवते, थेंब सावकाश पडतात, आणि या पोरीला सात दहाची बस आहे. दुकानदारानं मुकाट्यानं ऐंशी-वीस करून दिली. पूड, दळण, चिकोरी, प्यायची ऊब, सगळ्यातलं अण्णांना कळत होतं, आणि तेही खरं कळत होतं. त्यांनी सांगितलेलं दळण मी अजून बदललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून मी फिल्टर भरला. तक्त्यात पूर्वतयारी शून्य होती, तेव्हा सकाळी भरायचा की आणखी कधी हा प्रश्न मला पडलाच नाही. पूड घातली, फिल्टरच्या आतल्या चकतीनं चांगली दाबली, उकळतं पाणी ओतलं. दूध शिट्टी मारून गप्प झालं तरी खाली थेंब नाही. झाकण काढून बघितलं, पाणी तसंच वर. आपटलं, हलवलं, फुंकर घातली. सात वाजता खाली चमचाभर काळं पाणी आलं. मी कॉफी न पिता धावले आणि बस गेली ती गेलीच. दोन बस बदलून पोचले तेव्हा साहेबानं आधी घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

संध्याकाळी तक्ता भिंतीवरून काढून मी सरळ खाली गेले. अण्णा झोपाळ्यावर बसून शेजारच्यांना आपली आवडती गोष्ट सांगत होते. कारखान्यात सेटर नावाचा कामगार असतो. पाळीचा भोंगा व्हायच्या आधी येऊन तो लेथवर हत्यारं बसवतो, मापं जुळवतो, आणि मग कामगार येऊन भराभर माल काढतो. कार्डावर वेळ लिहायचे ती माल काढणाऱ्याची. सेटरचा तास कुठंच नाही, म्हणून त्याला बोनसही नाही. अण्णांनी मॅनेजरसमोर कार्ड ठेवून सांगितलं, सेटरचा रकाना काढल्याशिवाय मी सही करणार नाही. वर्षभर भांडले. त्यांची बढती अडली, पण रकाना निघाला. "ज्याच्या जिवावर मशीन चालतं, त्याचा हात कागदावर नको होय?" हे वाक्य ते नेहमी तर्जनी वर करून म्हणत, आणि ते म्हणताना मला ते खरोखर फार मोठे वाटत.

शेजारची मंडळी उठून गेल्यावर मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि झालेलं सांगितलं. तुमचा तक्ता चुकलाय, असंही म्हटलं. अण्णा शांत होते. तक्ता चुकत नाही, माणूस चुकतो, तू काहीतरी वेगळं केलं असशील, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं रोज उतरतंच की डिकॉक्शन.

अक्का दारात वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यात सेटर कुठाय?"

झोपाळा थांबला. अण्णांनी तक्ता उचलला, चष्मा वर केला आणि ते शून्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, फिल्टर कधी भरतेस. रोज रात्री भांडी झाल्यावर, अक्कांनी सांगितलं. आणि भोकं बुजली तर वरचं भांडं विस्तवावर धरून मोकळी करते, ती दुपारी, तुम्ही झोपलेले असता तेव्हा. चौतीस वर्षं लोकांच्या पाठीमागे उभ्या राहिलेल्या माणसानं आपल्या घरातला हा हात एकदाही पाहिला नव्हता. ते चोर नव्हते, आळशीही नव्हते. त्यांचं घड्याळ फक्त कॉफी दिसल्यावर सुरू व्हायचं.

तिसऱ्या दिवशी अण्णा वही घेऊन स्वयंपाकघरात आले आणि अक्कांना म्हणाले, तू भर, मी मोजतो. अक्कांनी फिल्टर त्यांच्या हातात दिला. "मोजायचं नाही," त्या म्हणाल्या. "करायचं."

त्या आठवड्यात अक्कांनी आम्हा दोघांना शेजारी उभं करून शिकवलं. पूड दाबायची नाही, चकती नुसती ठेवायची. उकळी बसू द्यायची, मग पाणी. आधी पूड भिजेल एवढंच, थोडं थांबून बाकीचं. मी ऑफिसातून आल्यावर कुकर लावता लावता फिल्टर भरायला लागले, सकाळी डिकॉक्शन तयार, दूध शिट्टी मारतंय, मी केस विंचरतेय. बस परत कधी चुकली नाही. घाईच्या माणसाला याहून सोयीची पद्धत नाही हे मी छातीठोकपणे सांगते, पण पूर्वतयारी शून्य असं सांगत नाही. आपल्यालाही सगळं समजलं, असं अण्णा म्हणाले. समजलं म्हटल्यावर अक्कांनी तिकीट काढलं.

निघताना त्यांनी मला पाच पोस्टकार्डं दिली. आठवड्याला एक टाक, म्हणाल्या. यांची कॉफी कशी होतेय ते खरं खरं लिही. हाल होत असतील तर मी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः भरलेल्या फिल्टरची कॉफी दोन पेल्यांत घेऊन वर आले. त्यांनी पद्धतीत लगेच सुधारणा केली होती. दोनदा पाणी ओतण्यात हात दोनदा अडकतो, म्हणून एकदाच ओतलं होतं. मी घोट घेतला. भांडी विसळल्याच्या पाण्यात पूड पडली असती तर साधारण तशी चव आली असती. अण्णा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी आपला पेला तोंडाला लावला, सगळा प्यायले, आणि गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या अक्काला लिही, छान होतेय."

मी म्हटलं, त्यांनी खरं लिहायला सांगितलंय.

"खरं लिहिलंस तर परवा ती इथं येऊन उभी राहील. मग तिच्या बहिणीच्या डोळ्यात औषध कोण घालणार?"

मी लिहिलं, छान होतेय. पाचही कार्डांत तेच लिहिलं. रोज साडेसहाला अण्णा पेले घेऊन येत आणि रोज मी आधी त्यांची कॉफी पिऊन मग गुपचूप स्वतःची करून पीत असे. वहीत ते रोजची कॉफी टिपत, एका वेळी एकच गोष्ट बदलत. कधी कडू, कधी पाणचट, एकदा तर चकतीच विसरलेले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात फक्कड कॉफी मिळत होती, पण तिकडे ते एकदाही फिरकले नाहीत. चौथ्या आठवड्यात कॉफी पिण्याजोगी झाली. छान नव्हे, पिण्याजोगी.

अक्का पाच आठवड्यांनी आल्या. रविवार होता. रिक्षातून उतरल्या, पाय धुतले आणि झोपाळ्यावर टेकल्या. बहिणीला आता वर्तमानपत्र वाचता येतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अण्णा आत गेले आणि दोन मिनिटांनी पेला घेऊन बाहेर आले. अक्कांनी घोट घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी सावकाश सगळी कॉफी संपवली, आणि अण्णा वही आणायला आत वळले तसा मला राहवेना. मी अक्कांना सांगून टाकलं की कार्डांत लिहिलेलं सगळं खोटं होतं, पहिल्या दिवसापासून.

"पहिल्याच कार्डात कळलं मला," अक्का म्हणाल्या. "लग्नानंतर सहा महिने माझी स्वतःची धड उतरत नव्हती. यांची पहिल्या दिवशी छान कुठनं होईल?"

"मग तुम्ही आला का नाहीत?"

अक्कांनी रिकामा पेला दोन्ही हातांत धरला होता.

"आले असते," त्या म्हणाल्या, "तर आज हा मला कुणी आणून दिला असता?"